पडद्यामागून दिलेला निकाल

रूदकानमध्ये खरं राज्य कोण करतं, हे गल्लीतल्या शेळ्यांनासुद्धा माहीत होतं. फक्त मोठमोठ्या पगडीवाल्यांना ते माहीत नसल्यासारखं वागावं लागायचं, आणि तेच त्यांना सलत होतं. दरबारात तख्तावर बसायचे अताबेग तुघानशाह. त्यांच्या पाठीमागे हातभरावर एक जाड निळा पडदा, आणि पडद्यामागे त्यांची सावत्र आई, यल्दूझ खातून. थोरले अताबेग वारले तेव्हापासून हीच रीत. अर्जदारानं तख्ताकडे बघून बोलायचं, खातूननी पडद्याआडून निकाल सांगायचा, अताबेगांनी "तसंच होऊ द्या" म्हणायचं, आणि मग चौकात दवंडी, की अताबेगांनी केवढा न्याय केला!

मी बनफशा. तो पडदा माझ्या ताब्यात असायचा. दरबाराआधी टांगायचा, झटकायचा, दरबार उठला की घडी घालून ठेवायचा, आणि मधल्या वेळात खातूनच्या पायाशी पिस्त्यांची थाळी धरून बसायचं. खातूनना विचार करताना पिस्ते फोडायची सवय होती. कट्, कट्, कट्. तो आवाज थांबला की समजायचं, निकाल ठरला. तेवढ्या वेळात भल्याभल्यांना पगडी चाचपताना मी पडद्याच्या विणीतून पाहिलं आहे. खोटं कशाला बोलू, मजा यायची.

आता बाईनं राज्य करणं हे काही आमच्या मुलखात नवल नव्हतं. किरमानात बायका तख्तावर बसल्या, शीराझला बसल्या. पण आमच्या दिवाणांना, ख्वाजा जहीरुद्दीनना, अचानक लाज वाटायला लागली. इतकी वर्षं नव्हती वाटली. खातूननी त्यांच्या मेव्हण्याला जकातीच्या नाक्यावरून हाकललं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वाटायला लागली. मग काझी, दिवाण आणि आणखी चार पगड्या एकत्र बसल्या आणि आमचे अताबेग ज्याचे मांडलिक, त्या खानाच्या छावणीत अर्ज गेला, की आमचे अताबेग वयात आलेत, दाढी पांढरी व्हायला लागली आहे, तरी एक बाई पडद्याआडून हुकूम सोडते, हा पुरुषजातीचा अपमान आहे, आम्हाला सोडवा.

छावणीतून उत्तर आलं. खातूननी जातीनं हजर व्हावं आणि खुलासा करावा, तोवर अताबेगांनी एकट्यानं राज्य करावं. ख्वाजांनी हुकूम कपाळाला लावला, मिठाई वाटली. हुकमाखालचा शिक्का खानाच्या आईचा होता. छावणीत असले अर्ज तीच बघायची. पण आनंदाच्या भरात तेवढं खाली बघायला कुणाला सुचलं नाही.

खातून शरदात निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "पडदा कसरीपासून जप. मी येतेच."

आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या घरच्यांनी पराक्रम केला.

माझा नवरा माहयार कारीझ खोदायचा. डोंगराच्या पोटातून शहरापर्यंत पाणी आणणारं ते लांबलचक भुयार. आमचं सगळं रूदकान त्या एका भुयारावर जगतं. जमिनीखाली हा माणूस शांत. वर उजेडात आला की भांडायला कारण शोधायचा. त्या दिवशी गुलअंदाम नावाच्या विधवेच्या डाळिंबाच्या बागेची पाण्याची पाळी होती. ख्वाजांचा पाटकरी इसफंद यानं मधेच पाट फोडला आणि पाणी ख्वाजांच्या बागेकडे वळवलं. माझ्या नवऱ्यानं पाहिलं. आधी शिव्या, मग धक्काबुक्की, मग फावड्याचा दांडा. इसफंदचा उजवा डोळा गेला.

पाणी चोरलं ही इसफंदची चूक, मान्य. पण पाण्याच्या चोरीला डोळा फोडायची शिक्षा कुठल्या किताबात आहे हो? काझींनी सरळ सांगितलं, डोळ्याला डोळा. माझ्या नवऱ्याला किल्ल्याच्या कोठडीत टाकलं. एकच अडचण होती. कुणाच्या अंगाला हात लावणारी शिक्षा पडद्यामागून शब्द आल्याखेरीज अमलात आणायची नाही, हा नेम खातूननी घालून दिलेला, आणि आता शब्द द्यायचा होता अताबेगांनी.

मी कोठडीच्या झरोक्यापाशी जाऊन त्याला म्हटलं, "अहो, काय केलंत हे? जीभ होती ना तोंडात? चार शिव्या जास्त द्यायच्या!"

"दिल्या होत्या," तो म्हणाला. "संपल्या."

असा माणूस. रडावं की हसावं कळेना. मी दोन्ही केलं आणि घरी आले.

खातून गेल्यावरचा पहिला दरबार मी दाराआडून पाहिला. ख्वाजांनी पडदा काढायला लावला होता. मागे नुसती भिंत. दोन भाऊ आले, सामाईक अंगणातलं तुतीचं झाड कुणाचं म्हणून भांडत. अताबेगांनी दोघांचं नीट ऐकलं. मग सवयीनं मान किंचित मागे वळवली. मागून काही आलं नाही. पुन्हा वळवली. भिंत काय बोलणार? शेवटी म्हणाले, "पुढच्या बैठकीत बघू."

त्या दिवसापासून सगळं रूदकान पुढच्या बैठकीत गेलं. तुतीचं झाड पुढच्या बैठकीत, वेशीच्या दरवाज्याची दुरुस्ती पुढच्या बैठकीत, कोतवालाची नेमणूक पुढच्या बैठकीत. अताबेग मनानं वाईट नव्हते. बिचाऱ्यांनी जन्मात एकदाही स्वतःहून "हो" किंवा "नाही" म्हटलेलं नव्हतं, आणि केस पांढरे झाल्यावर ते शिकायचं कसं?

सगळ्यांत आधी टेकीला आले ते ख्वाजा. त्यांच्या स्वतःच्या जमिनीचे कागद अडकले होते. मला बोलावून म्हणाले, "बनफशा, तो पडदा लाव. मागच्या भिंतीतून गार वारं येतं. हुजुरांची मान धरते."

"मागे कोण बसणार, ख्वाजा?"

"कोण कशाला बसायला हवं? वाऱ्यासाठी लावायचाय पडदा!"

मी लावला. अताबेगांचा चेहरा जरा निवळला. लहानसहान गोष्टींना ते "बरं" म्हणायला लागले. पण काही जड आलं की मान वळायची, कान टवकारले जायचे आणि गाडं पुन्हा अडायचं. शेवटी त्यांनी मला आतल्या दालनात बोलावलं. इकडेतिकडे बघत म्हणाले, "बनफशा, तू नुसती मागे बस. बोलू नकोस. पिस्ते तेवढे फोड."

"हुजूर, कुणाला कळलं तर?"

"काय कळेल? पिस्ते फोडण्याला कुठे बंदी आहे?"

बसले मी. पायाशी बसणारी मी, गादीवर बसले. पाठीला मऊ लोड, मांडीवर थाळी. अर्जदार बोलायचा, मी कट् कट् करायची, थोडी थांबायची, आणि त्या थांबण्यात अताबेग स्वतःच्या डोक्यानं निकाल द्यायचे. बहुतेक वेळा चांगला द्यायचे. निकाल आपलाच आहे, हे त्यांना कळू द्यायचं नाही एवढंच माझं काम.

पण पिस्त्यांवर किती दिवस भागणार? एकदा अताबेग सार्वजनिक हमामाचं सरपण बंद करून ते लाकूड किल्ल्याच्या तबेल्याला द्यायला निघाले. भर थंडीत! मला राहवलं नाही. स्वयंपाकघरात पोरींना हसवायला मी खातूनच्या आवाजाची नक्कल करायची. तोच आवाज काढला, नाकातून, सावकाश: "घोड्यांना आंघोळ घालून रूदकानची माणसं घाणेरडी ठेवायची आहेत का?"

मला वाटलं, संपलं, आता पडदा ओढतात आणि मला झिंज्या धरून बाहेर काढतात. मी विणीतून पाहिलं. ख्वाजा जहीरुद्दीन पडद्यासमोर कमरेत वाकले होते. काझींनी मान डोलावली. "तसंच होऊ द्या," अताबेग म्हणाले, आणि किती महिन्यांनी त्यांचा आवाज मोकळा लागला. ज्यांनी पुरुषजातीचा अपमान म्हणून अर्ज केला होता त्या सगळ्या पगड्या त्या दिवशी घरी जाऊन शांत झोपल्या असतील.

तिथून पुढे मी राज्य करायला लागले. चांगलं करत होते, हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. तुतीच्या झाडाचा निकाल मी दिला. वेशीचा दरवाजा मी दुरुस्त करवला. ख्वाजांच्या मेव्हण्याला मी पुन्हा नाक्यावर घेतलं नाही. सकाळी पडदा लावायचा, दुपारी निकाल द्यायचे, संध्याकाळी घरी येऊन आशमध्ये, आमच्या रोजच्या घट्ट कढणात, चण्याची डाळ घालायची. थोडी मिजासही आली होती. शेजारीण "बनफशा, तुझं मीठ संपलं का गं?" म्हणाली, तर मी क्षणभर गप्प बसले, तिनं खाली वाकून विचारावं म्हणून.

आणि मनात एकच होतं. माझ्या नवऱ्याचा खटला आज ना उद्या समोर येणार, आणि त्या दिवशी मी पडद्यामागे असणार.

तो आला हिवाळ्याच्या शेवटी. माझ्या नवऱ्याला बेड्या घालून आणलं. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. दुसऱ्या बाजूला इसफंद, उजव्या डोळ्यावर काळी पट्टी. काझींनी आपला निवाडा वाचला. ख्वाजांनी विनोद केला, की हा माणूस अंधारातच काम करतो, त्याला दोन डोळे हवेत कशाला, आणि काही जण हसले. मग सगळ्यांच्या नजरा पडद्यावर.

मी पिस्ते फोडत होते. एका शब्दाचं काम होतं. "सोडा." एवढंच. तोंडात तयार ठेवला होता. पण विणीतून मला ख्वाजांची नजर दिसली. ते अताबेगांकडे बघत नव्हते, पडद्याकडेही नाही, पडद्याच्या खालच्या काठाकडे, जिथे माझ्या जोड्यांची टोकं दिसत असावीत, तिकडे बघत होते. आणि मला लख्ख कळलं. मी "सोडा" म्हटलं तर हा आवाज कुणाचा, हे सगळ्यांना त्याच क्षणी बोलून दाखवावं लागेल. पडदा निघेल. माझा नवरा पुन्हा कोठडीत जाईल, डोळा जाईलच, आणि माझी जीभही.

आणखी एक गोष्ट होती, ती सांगायला मला अजून जड जातं. इसफंद तिथे उभा होता. त्याची पट्टी खरी होती. इतके दिवस मी परक्यांचे निकाल देत आले, आणि आपला माणूस उभा राहिला तेव्हा तोंडात शब्द आला तो "सोडा". माझी मलाच लाज वाटली.

खातून काय म्हणाल्या असत्या? मला पक्कं माहीत होतं. त्यांनी डोळा घेतला असता. पण शहराची सोय आधी बघितली असती. माझा नवरा कोठडीत पडल्यापासून कारीझ आतून ढासळलं होतं. पाणी करंगळीएवढं झालं होतं, हौदापर्यंत पोचतही नव्हतं, आणि आत उतरायला दुसरा कोणी तयार नव्हता. मी थाळी बाजूला ठेवली. नाकातून, सावकाश बोलले:

"डोळ्याला डोळा, हे बरोबर आहे. इसफंदचा हक्क त्याला मिळेल. पण कारीझ बंद आहे आणि ते उघडणारा हाच आहे. आधी त्यानं पाणी आणावं. ज्या दिवशी शहराच्या हौदात पाणी पडेल, त्या दिवशी त्याचा डोळा घ्या."

कुणाला बोट ठेवायला जागा नाही! ख्वाजांची बागसुद्धा त्याच पाण्यावर. ते पुन्हा वाकले. काझी "वा" म्हणाले. मला माझाच अभिमान वाटला. ढासळलेलं भुयार म्हणजे काय चेष्टा आहे? हवं तर माणूस त्यात म्हातारा होईपर्यंत काम पुरवेल. मी माझ्या नवऱ्याला शिक्षा दिली होती आणि उभा जन्म दिला होता, दोन्ही एका दमात.

दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याला भाकरी आणि खजूर देऊन मी डोंगरापाशी, कारीझच्या विहिरीवर गेले. रहाट थांबवून नवऱ्याला वर बोलावलं. चिखलानं माखलेला आला, आणि इतक्या दिवसांनी खुशीत होता.

"काय गं, आवाज मस्त काढलास," तो म्हणाला. "पहिल्यांदा मी पण फसलो. मग म्हटलं, घरी मला बोलतेस तो हाच."

"हळू बोला! ऐका माझं. घाई करायची नाही. रोज एक टोपली माती काढायची. दगड लागला म्हणायचं, वाळू लागली म्हणायचं. मी विचारत नाही, ख्वाजांना यातलं कळत नाही. दहा वर्षं पुरवून खा हे काम."

"बरं," तो म्हणाला.

"बरं नाही. शपथ घ्या."

"अगं, बरं म्हटलं ना!"

पण मी त्याला ओळखत होते. आठवड्यानं गेले तर त्यानं अर्धी दरड साफ केलेली. मी कपाळावर हात मारला. "अहो, अक्कल गहाण टाकलीत का? कुणासाठी मरताय?"

"तसं नाही गं. काम वाईट करायचं म्हटलं तर हात ऐकत नाहीत. आणि आत मातीला कान लावला की पलीकडे पाणी ऐकू येतं. तुंबलंय बिचारं."

"पाण्याला बिचारं म्हणता! आणि मी?"

"तू राज्य करतेस," तो म्हणाला आणि परत खाली उतरला.

मी भांडले, रडले, त्याचं जेवण बंद केलं, पुन्हा सुरू केलं. त्यानं दर वेळी "बरं" म्हटलं. त्याच्यातला नवरा "बरं" म्हणायचा आणि त्याच्यातला कारागीर खाली जाऊन खोदायचा. नवरोजनंतर बदामाचा मोहर गळायला लागला, आणि एका सकाळी हौदाकडून आरडाओरडा ऐकू आला. पाणी आलं होतं. हातभर जाडीची धार! पोरं कपड्यांनिशी हौदात उड्या मारत होती. लोक माझ्या नवऱ्याला खांद्यावर घेऊन नाचले, आणि नाचवत नाचवत किल्ल्यावर पोचवून आले, कारण निकाल सगळ्यांना पाठ होता.

त्याच सकाळी यल्दूझ खातून परतल्या, वेशीवर येऊन उतरल्या. गळ्यात खानानं दिलेली अधिकाराची सोन्याची पट्टी, हातात नवा हुकूम. रूदकान त्यांच्या नावे. छावणीत काय झालं ते त्यांनी घोड्यावरून उतरता उतरता सांगितलं. खानाच्या आईनं अर्ज ऐकला आणि विचारलं, "हे लोक आजारी आहेत का?" संपलं. ख्वाजा जहीरुद्दीन सगळ्यांच्या पुढे होते, डोळ्यांत पाणी आणून म्हणत होते, की तुमच्याशिवाय शहर पोरकं झालं होतं.

वेशीच्या चौकीत त्या एकट्या सापडताच मी खातूनचे पाय धरले. सगळं सांगितलं, पिस्त्यांपासून निकालापर्यंत. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे माझ्यामागे तू बसलीस," त्या म्हणाल्या.

"चुकले मी, मालकीण. हवी ती शिक्षा द्या. फक्त तो निकाल फिरवा. सांगा, की तो तुमचा नव्हता."

"तो माझाच होता."

"मालकीण, तुम्ही तर तिकडे छावणीत..."

"पडद्यामागून आला तो माझा. आज मी म्हटलं, की हा एक माझा नव्हता, तर उद्या ज्याला जो निकाल टोचतो तो म्हणेल, हाही बनफशाचा. इतक्या वर्षांचं राज्य मी एका डोळ्यासाठी मोडू?" मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आणि निकाल बरोबर आहे गं. मी हाच दिला असता. तोच तर घोटाळा आहे."

मी तिथेच बसले.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "माफी देणं माझ्या हातात नाही, पण इसफंदच्या हातात आहे. डोळा त्याचा. त्यानं माफ केलं तर निकालही राहतो आणि तुझा नवराही. तुम्ही त्याच्या दारी गेला असालच ना? गळ्यात चादर घालून, रिवाजाप्रमाणे?"

मी गेले नव्हते. आमच्यात कुणाचं रक्त सांडलं तर गुन्हेगाराच्या घरच्यांनी दुखावलेल्याच्या दारी जायचं असतं. कफनासारखी पांढरी चादर गळ्यात घालायची आणि उंबऱ्याशी बसायचं. लेकराबाळांना माहीत असलेली गोष्ट. माझ्या डोक्यातच आली नव्हती.

मी धावत सुटले. वाटेत कुणाच्या तरी दोरीवरची चादर ओढली. इसफंद अंगणात, खांबाला टेकून बसला होता. मी उंबऱ्यावर पडले.

"आलीस एकदाची," तो म्हणाला.

"इसफंदभाऊ, माझा नवरा आडदांड आहे, मूर्ख आहे. त्याचा डोळा घेऊन तुमचा परत येत नाही. माफ करा."

"केलंय की."

मला कळेना. "कधी?"

"हिवाळ्यात. ज्या दिवशी निकाल दिलास त्याच दिवशी." तो हसला. "असं बघू नकोस. दरबारात सगळ्यांना माहीत होतं. मला एका डोळ्यानं दिसलं, त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं होय? पण बोलणार कोण? बोललं तर दुसऱ्या दिवसापासून निकाल कुणी द्यायचे? मी घरून ठरवून आलो होतो, की ही बाई नवऱ्याला सोडणार, आणि मग जन्मभर शहरभर बोंबलत फिरेन. आणि तू त्याचा डोळा मला दिलास! घरी येऊन बायकोला म्हटलं, ज्याची बायको अशी, त्याचा डोळा घेऊन मी काय करू? पाणी मीही चोरलंच होतं. म्हटलं, ती दारी आली की माफ करायचं. आपण होऊन किल्ल्यावर जाऊन सांगणार कसं? माझीही काही इज्जत आहे. रोज दार उघडं ठेवून बसायचो. तू आलीच नाहीस. इतके दिवस काय करत होतीस?"

"राज्य करत होते," मी म्हटलं.

दुसरं काय सांगणार? तेच खरं होतं. तोंडातून बाहेर पडलं आणि मला स्वतःला चपराक बसल्यासारखं झालं.

"चल," इसफंद उठला, "काझीसमोर सांगू."

आम्ही पळालो. त्याला उजवीकडचं दिसत नव्हतं. मी त्याचा हात धरून त्याला खड्ड्यांतून, गाढवांतून, पाणी बघायला आलेल्या गर्दीतून ओढत होते, आणि तो लांबूनच ओरडत होता, "माफ केलं! थांबा! मी माफ केलं!" लोकांना वाटलं पाण्याच्या आनंदात आहे. तेही ओरडले.

किल्ल्याच्या पायऱ्यांवर जल्लाद हात पुसत उभा होता. वाईट माणूस नव्हता तो. पण "पुढच्या बैठकीत बघू" ऐकून ऐकून त्याचाही हिवाळा रिकामा गेला होता. हुकूम असा स्वच्छ, ज्या दिवशी हौदात पाणी पडेल त्या दिवशी. पाणी पडलं, त्यानं काम केलं. कुणाला विचारायची गरजच ठेवली नव्हती मी.

माझा नवरा खालच्या पायरीवर बसला होता. उजव्या डोळ्यावर फडकं, फडक्यातून रक्त गळ्यापर्यंत आलेलं. इसफंद धापा टाकत त्याच्यासमोर उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला, "माफ केलं होतं रे." मग त्याच्या शेजारीच बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

मी नवऱ्यासमोर खाली बसले. त्याचे हात हातात घेतले. बोलायला गेले तर आवाजच फुटेना, ना माझा, ना खातूनचा.

त्यानं उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"निकाल चांगला दिलास गं," तो म्हणाला. "फक्त दिवस सांगायला नको होतास."